मागचा दिवा आणि परतीची वाट

इतिहासाच्या अध्यापकाने मोटारीच्या मागच्या दिव्याविषयी लिहावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. राजे, लढाया, तहनामे हा आमचा प्रांत. तारा, बल्ब आणि फ्यूज हा गॅरेजवाल्यांचा. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत असेच वाटत होते. परंतु दाभोशाच्या रस्त्यावर एका संध्याकाळी जो प्रसंग आला, त्याने माझे मत पालटले. तो प्रसंग आधी सांगतो आणि मग त्याच्या मागे असलेल्या इतिहासाकडे वळतो.

जव्हार हे गाव आपल्याला ठाऊक असेल. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर ते वसले आहे. १९४८ पर्यंत हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे ते ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा. लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फुटांचा कडा उतरून खाली झेप घेते. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला माणसे लांबून येतात. रस्ता मात्र वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना रान, आणि दिवस मावळला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख.

डिसेंबरचे दिवस होते. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आटोपून आम्ही परत निघालो होतो. एक जुनी पिकअप भाड्याने घेतली होती. तिचे वय वीस-पंचवीस वर्षांचे असावे. मागे दोन चाकांचा एक ट्रेलर जोडलेला, आणि त्यावर जनरेटर, सतरंज्या, स्वयंपाकाची भांडी. हा ट्रेलर सबंध पावसाळाभर एका झाडाखाली उभा होता, हे मला नंतर कळले. पिकअपच्या हौद्यात सहा विद्यार्थी बसले होते. अंधार पडू लागला तसे ड्रायव्हरमामांनी दिवे लावले. पिकअपचे दिवे लागले; ट्रेलर काळाठिक्कर. ब्रेक दाबला की ट्रेलरवर विझत्या निखाऱ्यासारखी लालसर धुगधुगी दिसे. डावा इंडिकेटर लावला की ट्रेलरचे उजवे-डावे दोन्ही दिवे मिळून मिणमिणत. हा काय प्रकार असावा, याचा विचार करीत असतानाच मागच्या वळणावरून एक मालट्रक आला. त्याला आमची पिकअप दिसत नव्हती, कारण ती ट्रेलरवरच्या सामानाआड होती. आणि ट्रेलर तर अंधारातच होता. अगदी शेवटच्या क्षणी त्याने गाडी उजवीकडे काढली. आमच्यात आणि त्याच्यात हातभर अंतर राहिले असेल. आपल्या मुलांना घेऊन कुठे जाण्याची जबाबदारी ज्याने पत्करली आहे, त्याला त्या हातभर अंतराचा अर्थ सांगायला नको.

एका पाड्यापाशी गाडी बाजूला घेतली. मामांचे मत पडले, "बल्ब गेले असणार. दोन्ही बदलून टाकू." इतक्यात पाड्यावरचा एक तरुण जवळ आला. जव्हारला एका गॅरेजात तो काम शिकला होता. तो हसून म्हणाला, "मामा, दोन्ही बल्ब एकदम कसे मरतील? आणि मेलेत म्हणावं तर ब्रेक दाबल्यावर धुगधुगी कशाची?" त्याने एक लांब तार मागून घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, दुसरे ट्रेलरच्या सांगाड्यावर, गंज खरडून काढलेल्या जागी टेकवले. त्यासरशी ट्रेलरचे दिवे लख्ख पेटले. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "सर, करंट जातोय बरोबर. त्याला परत यायला वाट नाय."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. वीज जाते ती कशी आणि परत येते ती कशी? ही परतीची वाट गाडीच्या गंजक्या सांगाड्यावर कोणी सोपवली आणि कधी? प्रश्न गॅरेजातला खरा. परंतु त्याचे उत्तर इतिहासातच सापडते.

मुळापासून पाहू या. मोटार येण्यापूर्वी आपल्याकडे रात्रीच्या प्रवासाला बैलगाडी होती आणि तिच्या आसाखाली टांगलेला घासलेटचा कंदील. तो कंदील मिणमिणता असेल, वाऱ्याने विझतही असेल. पण त्याचा एक गुण असा की तो स्वयंपूर्ण होता. तेल त्याच्या पोटात, वात त्याच्या तोंडात. दहा गाड्या एकामागून एक चालल्या तरी प्रत्येकीचा दिवा तिचा स्वतःचा. पहिल्या मोटारींचे दिवेही याच जातीचे होते. काहींत घासलेट, तर काहींत कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा वायू जळे. प्रत्येक दिव्यापाशी काडी घेऊन जावे लागे.

१९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत विजेने चालू होणारे इंजिन, बॅटरी आणि विजेचे दिवे अशी सगळी व्यवस्था एकत्र आली, आणि पुढच्या काही वर्षांत तीच रीत सर्वत्र रूढ झाली. आता दिवा स्वयंपूर्ण राहिला नाही. तो बॅटरीचा आश्रित झाला. गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरचा दिवा तर दुप्पट आश्रित. त्याची बॅटरी दुसऱ्याच वाहनात. ट्रेलरचा दिवा हा उसना दिवा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्याच्या निम्म्या दुखण्यांचा उलगडा होतो.

आता विजेचा एक साधा नियम सांगतो. बॅटरीच्या एका टोकातून निघालेल्या प्रवाहाला दुसऱ्या टोकाशी परत यावेच लागते. फेरा पुरा झाला नाही तर काहीच घडत नाही. जव्हारच्या मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाची एक आख्यायिका आहे. त्याने तिथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य झाल्यावर त्याने कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी डोंगरावरचा किल्ला वेढून टाकला. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. पण मुद्दा पहा: पट्टीचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला भिडले तेव्हाच जमीन त्याची झाली. हातभर पट्टी कमी पडती तर सारा वेढा फुकट. विजेचा फेरा अगदी असाच असतो.

म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा हव्यात, एक जाणारी आणि एक येणारी. परंतु तांबे महाग. मोटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तारायंत्रवाल्यांनी या महागाईवर तोड काढली होती. १८३८ साली म्यूनिकच्या स्टाइनहाइल या शास्त्रज्ञाला असे आढळले की परतीची तार लागतच नाही. दोन्ही टोकांना धातूचा पत्रा जमिनीत पुरला की पृथ्वीच परतीच्या वाटेचे काम करते. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने आपल्या देशातले तारायंत्राचे पहिले प्रयोग केले, आणि त्यांत हुगळी नदीच्या पाण्यातून प्रवाह परत आणून दाखवला. निम्मी तार वाचली. इंग्रजीत पृथ्वीला 'अर्थ' म्हणतात, म्हणून या परतीच्या वाटेला 'अर्थ' हे नाव पडले.

मोटार बनवणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. गाडीला लोखंडी सांगाडा आहेच. त्यालाच परतीची तार माना. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला बांधा, प्रत्येक दिव्याचे एक टोक सांगाड्याला टेकवा, की एका तारेत काम झाले. गंमत अशी की रबरी चाकांवर उभ्या असलेल्या या गाडीचा जमिनीशी विजेचा काहीएक संबंध उरला नाही. तरी नाव मात्र तेच राहिले. आपले कारागीर आजही 'अर्थिंग' किंवा 'बॉडी' म्हणतात, त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची ही तारायंत्राची काटकसर आहे.

एका गाडीपुरती ही युक्ती उत्तम चालली. घोटाळा झाला तो दोन वाहने एकमेकांना जोडण्याची वेळ आली तेव्हा. पिकअपचा सांगाडा एक, ट्रेलरचा दुसरा. दोहोंच्या मध्ये एक आकडा आणि एक पिन. त्या सांध्यात ग्रीस, चिखल आणि गंज. लोखंड लोखंडाला टेकते म्हणून काही काळ दिवे चालतात. गाडी खड्ड्यात आदळली की सांधा हलतो आणि दिवे उघडझाप करतात. पुरता गंज चढला की फेरा तुटतो.

आपल्याकडे ट्रेलर कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या बॅन्टम या लहानशा कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिली जीप लष्कराला बनवून दिली. पण मोठ्या मागण्या विलिज आणि फोर्ड यांना गेल्या. जिने जीप प्रथम घडवली, त्या बॅन्टमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागचे पाव टनी ट्रेलर बनवण्याचे काम आले. त्या लष्करी जीपच्या मागच्या अंगाला ट्रेलरच्या दिव्यांसाठी सॉकेट होते आणि ट्रेलरला जोडतार होती. तेव्हा वीज होती सहा व्होल्टची. महायुद्ध संपल्यावर अशा जीपा आणि ट्रेलर आपल्या बाजारात 'डिस्पोजल'चा माल म्हणून आले. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिज जीपचे सुटे भाग मागवले आणि नंतर मुंबईला माझगावात जुळणी सुरू केली. पुढे जंगलखाते, बांधकामखाते, आरोग्यखाते यांच्या कामासाठी डोंगराळ तालुक्यांत जीपच हिंडू लागली. १९८८ साली टाटांची पिकअप आली, मागोमाग इतरांच्या आल्या, आणि जीपची कामे हळूहळू पिकअपकडे गेली.

आता या साऱ्या वंशावळीत एक गोम आहे. आपल्या गाड्या अनेक देशांच्या परंपरांतून आल्या, आणि प्रत्येक देशाने विजेच्या तारांच्या रंगांची आपापली भाषा ठरवली होती. इंग्रजी गाड्यांत काळी तार म्हणजे अर्थ, आणि तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट येणारा प्रवाह. जर्मन गाड्यांत तपकिरी तार म्हणजे अर्थ! अमेरिकन ट्रेलरवर पांढरी तार अर्थ आणि तपकिरी मागच्या दिव्याची. युरोपात रूढ झालेल्या बारा व्होल्टच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये पहिल्या पिनेला पिवळी, म्हणजे डावा इंडिकेटर. दुसरीला निळी, धुक्याच्या दिव्यासाठी. तिसरीला पांढरी, म्हणजे अर्थ. चौथीला हिरवी, उजवा इंडिकेटर. पाचवीला तपकिरी, उजवा मागचा दिवा. सहावीला तांबडी, ब्रेक. आणि सातवीला काळी, डावा मागचा दिवा. आणि आपल्या घरच्या वायरिंगमध्ये हिरवी तार म्हणजे अर्थ. आता असे समजा, इंग्रजी वळणाच्या जुन्या गाडीला कोणी युरोपीय वळणाचा ट्रेलर जोडला आणि 'काळीला काळी' म्हणून तारा पिळल्या. झाले! डाव्या दिव्याची तार अर्थला गेली. दिवे लावले तरी तो डावा दिवा लागणार नाही म्हणून समजा.

एवढेच नव्हे. इंग्रजी गाड्यांत बराच काळ बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. १९६० च्या दशकात ती रीत मागे पडली आणि ऋण टोक सांगाड्याला जोडण्याचा प्रघात सर्वत्र झाला. म्हणून फार जुन्या गाडीला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याकडे गेले आहे, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. पंचवीस-तीस वर्षांत चार हातांतून गेलेल्या गाडीची तार ज्याने जोडली, त्याने कोणती भाषा बोलली होती, हे आज कोणी सांगू शकत नाही. इतिहासात आम्ही म्हणतो, एका बखरीवर विसंबू नये, दुसरा पुरावा पाहावा. तारेच्या रंगाचे असेच आहे. रंग ही बखर. टेस्ट लॅम्प हा प्रत्यक्ष साक्षीदार.

हा साक्षीदार घडवायला फारसा खर्च येत नाही. बारा व्होल्टचा एक लहान बल्ब, होल्डर, आणि दोन हातभर तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सुई. पहिल्याने साक्षीदाराचीच परीक्षा घ्यावी: चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला, सुई धन टोकाला. पेटला तर तो खरे बोलणारा आहे.

मग ट्रेलर सोडवून बाजूला ठेवावा आणि फक्त पिकअपचे सॉकेट तपासावे. चिमटा सॉकेटच्या अर्थ पिनेलाच लावावा. पुष्कळजण येथे चूक करतात. ते चिमटा पिकअपच्या सांगाड्याला लावतात, सगळ्या पिना पेटतात, आणि सॉकेट ठीक आहे असा निर्णय देऊन मोकळे होतात. अर्थ पिनेची तारच तुटली असेल तर ती अशाने कधीच सापडणार नाही. चिमटा अर्थ पिनेला लावून, एका माणसाला आत बसवून, पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक असे एकेक चालू करावे आणि त्या त्या पिनेला सुई टेकवावी. सगळीकडे साक्षीदार लख्ख पेटला तर पिकअप निर्दोष, दोष ट्रेलरात. सांगाड्यावर पेटतो पण अर्थ पिनेवर पेटत नाही, तर सॉकेटची परतीची वाट तुटलेली. कशावरच पेटत नाही, तर फ्यूज पाहावा. अशा रीतीने एका पायरीत शंकेचे क्षेत्र निम्मे होते.

दोष ट्रेलरात निघाला, तर पाड्यावरच्या त्या तरुणाने केले तेच आधी करावे: बॅटरीच्या ऋण टोकापासून ट्रेलरच्या खरडलेल्या सांगाड्यापर्यंत एक तात्पुरती तार. दिवे सुधारले तर बल्बांना हात लावायचे कारण नाही. परतीची वाट दुरुस्त करा. मीटर असेल तर दिवे चालू ठेवून, ट्रेलरचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला व्होल्टेजचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर तेवढी वीज गंजात खर्च होते आहे.

आमच्या ट्रेलरवर जे भूत नाचत होते, त्याचाही उलगडा आता होईल. मागच्या दिव्याच्या बल्बात पुष्कळदा दोन तंतू असतात, एक पाच वॉटचा मागच्या दिव्याचा आणि दुसरा एकवीस वॉटचा ब्रेकचा. दोघांची परतीची वाट एकच. ती तुटली म्हणजे ब्रेकचा प्रवाह पाच वॉटच्या तंतूतून उलटा शिरतो, मागच्या दिव्याच्या तारेने पिकअपकडे जातो आणि पिकअपच्या दिव्यांतून कसाबसा सांगाडा गाठतो. वाटेत इतकी दमछाक होते की दिवा लागण्याऐवजी धुगधुगतो. डावा लावला असता उजव्यानेही मिणमिणावे, हे याच आडवाटेचे लक्षण. तेव्हा हे सूत्र ध्यानात ठेवावे: एक दिवा मेला तर बल्बावर संशय घ्यावा, एका बाजूचे सगळे मेले तर तारेवर, आणि सगळेच वेड्यासारखे वागू लागले तर अर्थिंगवर.

अर्धवट गंजही पुरा घात करतो. एकवीस वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन ॲम्पियर प्रवाह घेतो. वाटेत गंजाने दोन ओहमचा अडथळा आणला तर बल्बाच्या वाट्याला बाराऐवजी सव्वानऊ व्होल्टच्या आसपासच येतात. आपण म्हणाल, पाचवा हिस्साच तर गेला. परंतु तंतूचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने उतरतो. एवढ्या घटीने तो निम्म्याहूनही कमी होतो. दोन बल्ब त्याच गंजक्या वाटेने परतू लागले, तर त्याहून वाईट. जवळ उभे राहून पाहिले तर दिवा लागलेला दिसतो, मालक समाधान मानतो. पण मागून येणाऱ्याला तो दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी दोन-तीन दुखणी नेहमीची. ट्रेलर जोडला की फ्यूज उडतो आणि सोडला की टिकतो: अशा वेळी ट्रेलरची तार कुठेतरी सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून उघडी पडलेली असते. दिव्यांच्या जोडण्या एकेक करून सोडवत गेले की दोषी फाटा सापडतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणारे कारागीर मी पाहिले आहेत. असे कधी करू नये. मग फ्यूजऐवजी तार जळते, आणि तारेबरोबर गाडी. जुना, उष्णतेवर चालणारा फ्लॅशर असेल तर ट्रेलरचे दिवे वाढल्याने इंडिकेटर भरभर लपलपतो, आणि बल्ब गेला की मंदावतो किंवा थांबतो. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची चाल नेमकी उलटी: बल्ब गेला की तो भरभर लपलपतो. लक्षण एकच, अर्थ दोन. म्हणून आधी फ्लॅशर कोणत्या पिढीतला, ते पाहावे.

खरा उपाय मात्र साधा आहे. परतीची वाट आकड्यावर आणि पिनेवर सोडू नये. सॉकेटच्या अर्थ पिनेपासून ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत चांगली जाड, स्वतंत्र तार न्यावी. सांगाड्याला जोडायचे तेथे रंग आणि गंज खरडून, थिंबल लावून, बोल्ट आवळावा आणि वर ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात फिरवावा. थोडक्यात, स्टाइनहाइलने वाचवलेली तार आपण ट्रेलरपुरती परत घालायची. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ओल्या हवेत तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकून राहिले की लोखंडाला गंज लवकर खातो. मुंबईच्या एखाद्या आच्छादित गाडीतळावर जे दुखणे पाच वर्षांनी येईल, ते येथे एका पावसाळ्यात येते.

आता शेवटचा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाचा मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा कागदावर कोरडा वाटतो. रस्त्यावर त्याला प्राण येतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाला १५५ मीटर ओलांडायला सव्वानऊ सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस पाहतो, समजतो, वेग कमी करतो. मागचा दिवाच नसेल, तर समोरचे वाहन त्याला स्वतःच्या खाली वळवलेल्या दिव्यांच्या उजेडातच दिसणार, म्हणजे चाळीस-पन्नास मीटरवर. हाती उरले तीन सेकंद. त्यांतला सेकंद-दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. सव्वानऊ आणि तीन यांच्यामधले सहा सेकंद एका गंजलेल्या बोल्टावर अवलंबून असतात.

आमच्या भागात हे सहा सेकंद कोणाचे असतात, तेही सांगितले पाहिजे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जगायला बाहेर पडतात. चूलबोळकी, कोंबड्या, पोरेबाळे घेऊन ती पिकअपच्या हौद्यात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. पाऊस तोंडावर आला की तशीच परततात. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर याच वळणांवरून वरखाली करतात. एवढा पाऊस पडूनही मोखाड्याला टँकर लागतात, ही दुसरीच कथा. काँक्रीटचे मिक्सर, जनरेटर, कॉम्प्रेसर कोणाच्या तरी मागे बांधून रात्री ओढले जातात. कित्येकांच्या मागे दिवा तर नाहीच, साधी लाल परावर्तक पट्टीही नाही. अपघात झाला की आपण रस्त्याला दोष देतो, वळणाला देतो, नशिबाला देतो. बोल्ट कोणी पाहत नाही.

हा इतिहास मी आपल्यापुढे मांडला तो याचसाठी. आपण सारे जाणाऱ्या वाटेची चौकशी करतो: बॅटरी भरली आहे का, बल्ब नवा आहे का, तार तुटली नाही ना? परतीची वाट सांगाड्याच्या पोटात दडलेली असते, म्हणून ती आहेच असे आपण गृहीत धरतो. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती जमिनीच्या पोटात दडवली, त्यांनी निदान पत्रा नीट पुरला होता.

त्या रात्री पाड्यावरच्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. "पोरं नीट पोचवा, सर," एवढेच म्हणाला. आम्ही जव्हारला पोहोचेपर्यंत मी दर वळणावर मागे वळून पाहत होतो. ट्रेलरचे दोन तांबडे दिवे रस्त्याच्या कडेच्या झाडांवर पडत होते. दुसऱ्या दिवशी मामांनी पांढऱ्या तारेची नवी जोडणी करून घेतली. आपल्या घरी, शेतावर, संस्थेत एखादी जुनी पिकअप आणि मागे ओढायची ट्रॉली असेल, तर पावसाळा संपल्यावर एकदा, आणि दिवाळीनंतर गाड्या भरून निघू लागण्यापूर्वी एकदा, टेस्ट लॅम्प घेऊन तिच्या मागे जा. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांना आपण घेऊन जातो, त्यांना परत आणण्याचीही जबाबदारी आपलीच असते.